एक समुद्र, हजार थर्मामीटर

२००६ साली समुद्रशास्त्रज्ञांच्या जगात एक खळबळजनक पेपर आला. निष्कर्ष असा की समुद्र थंड होतोय! आता विचार करा, सगळीकडे ग्लोबल वॉर्मिंगची चर्चा, हिमनद्या वितळतायत, समुद्राची पातळी वाढतेय, आणि इकडे जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन हे तीन अमेरिकन शास्त्रज्ञ सांगतायत की २००३ ते २००५ या काळात समुद्राच्या वरच्या ७५० मीटरच्या थरातली उष्णता चक्क कमी झाली. ग्लोबल वॉर्मिंग हे थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांना तर आयतंच हत्यार मिळालं.

पण एक गोष्ट कोणालाच पटत नव्हती. पाणी थंड झालं तर ते आकुंचन पावायला हवं, म्हणजे समुद्राची पातळी खाली यायला हवी. उपग्रह मात्र सांगत होते की पातळी वाढतेच आहे. कोणीतरी चुकत होतं हे नक्की. २००७ मध्ये याच शास्त्रज्ञांनी मूळ निष्कर्षाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. समुद्र थंड झालाच नव्हता. दोन वेगवेगळ्या मोजणी पद्धतींचे आकडे एकत्र जोडताना त्यांच्यातला फरक हिशोबातून सुटला होता, आणि तोच फरक 'थंडी' म्हणून दिसत होता.

मित्रांनो, हा लेख या जोडणीबद्दल आहे. इंग्रजीत याला 'इंटरऑपरेबिलिटी' म्हणतात. शब्दकोशात 'आंतरकार्यक्षमता' वगैरे सापडतं, पण ते वाचून निम्मे वाचक पान उलटतील. तेव्हा आपण साध्या भाषेत म्हणूया, उपकरणांचं एकमेकांशी जुळणं. वेगवेगळ्या देशांनी, वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या काळात समुद्रात सोडलेली उपकरणं जे सांगतात ते एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडता येणं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते किती अवघड आहे ते बघूया.

टाकून द्यायचा थर्मामीटर

आधी त्या जुन्या उपकरणाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव एक्सबीटी, म्हणजे एक्सपेंडेबल बॅथिथर्मोग्राफ. 'एक्सपेंडेबल' म्हणजे वापरा आणि विसरा. छोट्या टॉर्पेडोसारखा दिसणारा एक प्रोब, त्याच्या नाकात थर्मिस्टर आणि मागे केसासारखी बारीक तांब्याची तार. चालत्या जहाजावरून तो पाण्यात सोडायचा. तो खाली जाताना तार उलगडत जाते आणि तापमानाचं रीडिंग त्या तारेतून वर येतं. शेवटी तार तुटते, प्रोब तळाला जातो, काम संपलं. स्वस्त आणि मस्त! मालवाहू जहाजांनीसुद्धा प्रवासाच्या वाटेवर असे हजारो प्रोब टाकले, त्यामुळे १९७० पासून ते २००० पर्यंतच्या समुद्राबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग या प्रोबमधून आलाय.

गंमत अशी की या प्रोबमध्ये प्रेशर सेन्सरच नाही. मग तो किती खोल गेला ते कळतं कसं? तर घड्याळ लावून! पाण्याला टेकल्यापासून किती सेकंद झाले ते मोजायचं आणि समीकरणात घालायचं. कंपनीने दिलेलं समीकरण असं होतं:

खोली = ६.४७२ × वेळ − ०.००२१६ × वेळ²

(वेळ सेकंदांत, खोली मीटरमध्ये.) पुढे लक्षात आलं की प्रोब यापेक्षा वेगाने पडतात. मग १९९५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने सुधारित समीकरण दिलं. त्यात ६.४७२ च्या जागी ६.६९१ आणि ०.००२१६ च्या जागी ०.००२२५. कॅल्क्युलेटर काढून करून बघा. १०० सेकंदांनंतर जुनं समीकरण म्हणतं प्रोब ६२५.६ मीटरवर आहे, नवीन म्हणतं ६४६.६ मीटरवर. तब्बल २१ मीटरचा फरक, साधारण ३.४ टक्के.

तापमान मोजायचंय, मग खोलीत थोडंफार इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं, कारण समुद्रात वरचा थर गरम आणि खालचा थंड, आणि मधल्या 'थर्मोक्लाइन' नावाच्या पट्ट्यात तापमान भराभर उतरतं. तिथे खोली काही मीटरने चुकली की तापमान दशांश अंशांनी चुकतं. आणि समुद्राचं तापणं मोजताना आपण दशांश नाही, शतांश अंशांच्या गोष्टी करत असतो.

इथपर्यंतही ठीक होतं. जुनं समीकरण चुकीचं, नवीन बरोबर, सगळे आकडे १.०३३६ ने गुणा, झालं काम! पण खरी मेख पुढे आहे. १९९५ नंतर काही जहाजं नवीन समीकरण वापरू लागली, काही जुनंच वापरत राहिली, आणि कित्येक फाइल्समध्ये कुठलं समीकरण वापरलंय ते लिहिलेलंच नव्हतं. आता अशी फाइल हातात आली तर काय करायचं? गुणायचं की नाही? आधीच दुरुस्त केलेली असेल तर पुन्हा गुणल्यावर नव्याने चूक होणार. नसेल दुरुस्त केलेली तर जुनी चूक तशीच राहणार. एका ओळीची नोंद, फक्त एक ओळ, लिहायची राहिली म्हणून पुढच्या लोकांना वर्षानुवर्षं तर्क लढवत बसावं लागलं.

एवढं करूनही २००७ मध्ये गुरेत्स्की आणि कोल्टरमन या दोघांनी दाखवून दिलं की एक्सबीटी सरासरीने किंचित जास्त तापमान दाखवतात, आणि हा 'किंचित' दर वर्षी सारखा नसतो. १९७० च्या दशकात तो जास्त होता.

आर्गो आला

आता दुसरं उपकरण. १९९९-२००० च्या सुमारास आर्गो नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. यातला फ्लोट म्हणजे माणसाएवढ्या उंचीचं नळकांडं. ते १००० मीटर खोलीवर जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहतं. साधारण दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतं, आणि तिथून वर येता येता तापमान, क्षारता आणि दाब मोजतं. पृष्ठभागावर आलं की सगळा डेटा उपग्रहाला देऊन पुन्हा बुडी! वर-खाली कसं जातं? इंजिन किंवा पंखा काही नाही. आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की फ्लोटचं आकारमान वाढतं आणि तो वर येतो. तेल आत घेतलं की खाली जातो. आर्किमिडीज झिंदाबाद!

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये असे ३००० फ्लोट्स समुद्रात झाले. आज साधारण ४००० आहेत. २०१२ मध्ये दहा लाखावं प्रोफाइल नोंदलं गेलं आणि २०१८ मध्ये वीस लाखावं. आपल्या हैदराबादची इन्कॉइस ही संस्थाही यात आहे. हिंदी महासागरातल्या भारतीय फ्लोट्सचा डेटा तिथे तपासला जातो.

आता २००६ च्या त्या पेपरकडे परत येऊ. २००३ च्या आधीचा डेटा मुख्यतः एक्सबीटीचा होता, म्हणजे किंचित गरम. नंतरच्या वर्षांत आर्गोचं प्रमाण वाढत गेलं. त्यातल्या फ्लोट्सच्या एका गटात, मुख्यतः अटलांटिकमधल्या, तापमानाचं रीडिंग चुकीच्या दाबाशी जोडलं जात होतं. त्यामुळे ते फ्लोट्स समुद्र आहे त्यापेक्षा थंड दाखवत होते. म्हणजे आलेखाची डावी बाजू थोडी वर उचललेली आणि उजवी थोडी खाली दाबलेली. मधून रेघ ओढली की उतार दिसणारच! समुद्राने काहीच केलं नव्हतं. आपण थर्मामीटर बदलला होता.

दुरुस्तीनंतर समुद्र तापतोय हे चित्र पुन्हा स्पष्ट झालं. २००८ मध्ये जुन्या एक्सबीटी डेटाची दुरुस्ती करून नव्याने हिशोब मांडला गेला, तेव्हा समुद्राची उष्णता आणि वाढणारी पातळी यांचा मेळ आधीपेक्षा कितीतरी चांगला बसला. कोकणातल्या किनाऱ्यावरची गावं पुढच्या पन्नास वर्षांत कशी राहतील याचे अंदाज अशाच आकड्यांवर बांधले जातात. म्हणून ही नुसती शास्त्रज्ञांची आपापसातली वादावादी नाही.

बादली आणि इंजिन रूम

असाच किस्सा त्याआधीही घडलाय. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बादली दोरीने समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा अशी पद्धत होती. आपल्या माठाचं पाणी गार का होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच कारणाने या बादलीतलं पाणीही वर येईपर्यंत थोडं गार व्हायचं. दुसरी पद्धत म्हणजे इंजिन थंड करायला जे समुद्राचं पाणी आत घेतात त्याचं तापमान मोजायचं. ते इंजिन रूममुळे थोडं गरम यायचं.

दुसऱ्या महायुद्धात बराचसा डेटा अमेरिकन जहाजांचा होता आणि ती इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजत. १९४५ च्या ऑगस्टनंतर ब्रिटिश जहाजांचा डेटा वाढला, आणि ती बादली वापरत. परिणाम? जगाच्या समुद्राचं सरासरी तापमान १९४५ मध्ये एकदम ०.३ अंशाने घसरलेलं दिसायचं. हे कोडं सुटायला २००८ साल उजाडावं लागलं. नंतरच्या काळात जहाजांची जागा तरंगत्या बोयांनी घेतली, तेव्हा पुन्हा तेच. जहाजाचं रीडिंग बोयापेक्षा सरासरी ०.१२ अंशाने जास्त येतं असं आढळलं, मग तेवढी दुरुस्ती करावी लागली.

'तापमान' म्हणजे नक्की कुठलं?

बरं, सगळी उपकरणं अगदी अचूक आहेत असं धरलं तरी प्रश्न संपत नाही. समजा एक उपग्रह म्हणतो समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान २८.३ आहे आणि त्याच जागेवरचा बोया म्हणतो २८.५. कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही! इन्फ्रारेड उपग्रहाला पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा दिसतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा जाड. तो पापुद्रा हवेला उष्णता देत असल्यामुळे खालच्या पाण्यापेक्षा थोडा थंड असतो. बोया मोजतो अर्धा-एक मीटर खालचं पाणी. शिवाय वारा पडलेल्या कडक उन्हाच्या दुपारी वरचा थर दोन-तीन अंशांनीसुद्धा तापतो आणि रात्री परत गार होतो. म्हणून आता शास्त्रज्ञ नुसतं 'पृष्ठभागाचं तापमान' असं म्हणत नाहीत. त्वचेचं, त्वचेखालचं, अमुक खोलीवरचं आणि दिवसाच्या उन्हाचा परिणाम नसलेलं, अशी चार वेगळी नावं त्यांनी ठरवली आहेत. नाव वेगळं दिलं की भांडण मिटतं.

अशा जुळवणीच्या अडचणी किती प्रकारच्या असतात त्याचे हे काही नमुने:

१. दिशा. आपला नैऋत्य मोसमी वारा नैऋत्येकडून येतो, नैऋत्येकडे जात नाही. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती. पण समुद्राच्या प्रवाहाची दिशा म्हणजे तो जिकडे जातो ती! म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही एकाच बाजूला चाललेले असले तरी फाइलमध्ये एकाची दिशा २२५ अंश आणि दुसऱ्याची ४५ अंश. हे माहीत नसलेल्याने दोन्ही आकडे प्रोग्रॅममध्ये घातले तर वारा आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध धावायला लागतात.

२. वेळ. भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. आता भरती ते ओहोटी हे अंतर साधारण सव्वासहा तास. फाइलमध्ये कुठली वेळ ते लिहिलं नसेल तर साडेपाच तासांच्या चुकीने भरतीच्या जागी जवळपास ओहोटीच येते. मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी या दोन्हींत चार मीटरहून जास्त फरक असतो. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. तो हिशोब चालतो, कारण तिथी सगळ्यांची एकच असते!

३. एकक. पाण्यातला ऑक्सिजन कोणी मिलिलिटर प्रति लिटरमध्ये देतं, कोणी मिलिग्रॅममध्ये, कोणी मायक्रोमोलमध्ये. तोच ऑक्सिजन एकीकडे ५, दुसरीकडे ७.१ आणि तिसरीकडे २२३ असा दिसतो. ५ आणि २२३ मध्ये गोंधळ होणार नाही, पण ५ आणि ७.१ मध्ये सहज होईल. आपल्या अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसलेला प्रचंड मोठा पट्टा आहे. तो वाढतोय की नाही हे ठरवायचं तर दशकांमागचे आकडे आजच्या आकड्यांशी जुळवावेच लागतात.

४. क्षारता. हा तर सगळ्यात छुपा प्रकार. क्षारता मोजताना मीठ कोणी मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून १९७८ च्या मापनश्रेणीने आकडा काढतात. त्याला एककच नाही. २०१० पासून एक नवी पद्धत आली, ती किलोमागे ग्रॅममध्ये क्षारता सांगते. जुन्या पद्धतीचे ३५ म्हणजे नव्या पद्धतीचे साधारण ३५.१६५. दोन्ही आकडे इतके सारखे दिसतात की बघून शंकाही येणार नाही. पण आर्गोला क्षारता ०.०१ इतकी अचूक हवी असते, म्हणजे ही चूक त्याच्या सोळापट! म्हणूनच ठरलं की हिशोब नव्या पद्धतीने करा, पण डेटा सेंटरमध्ये साठवताना जुनाच आकडा साठवा. नाहीतर पुन्हा एक्सबीटीसारखी गत.

मग उपाय काय?

उपाय एक नाही, पायऱ्या आहेत. खालून वर जाऊया.

पहिली पायरी वायरची. समुद्रातली बरीच उपकरणं अजूनही सिरियल पोर्टवर बोलतात, तोच आपला ८०५१ च्या किटवरचा आरएस-२३२. प्लग बसतो, पण प्रत्येक कंपनीच्या कमांड्स वेगळ्या. त्यामुळे प्रत्येक उपकरणासाठी वेगळा ड्रायव्हर लिहा, आणि कुठल्या पोर्टला काय लावलंय ते हाताने फाइलमध्ये भरा. हलत्या जहाजावर, पावसात, रात्री दोन वाजता कोणी दोन केबल्सची अदलाबदल केली की संपलं. पेन ड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर लगेच ओळखतो, तसं इथे का नाही? अमेरिकेतल्या माँटेरे बे इथल्या सागरी संशोधन संस्थेने यावर 'पक' नावाचा प्रोटोकॉल काढला. यात उपकरण स्वतःची माहिती, म्हणजे मी कोण, कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल, सिरियल नंबर काय, हे सगळं स्वतःच्याच मेमरीत बाळगतं आणि जोडल्याबरोबर सांगतं. हवा असेल तर ड्रायव्हरही तिथेच साठवता येतो. ओळखपत्र गळ्यात घालूनच फिरायचं, असं समजा. २०१२ मध्ये हे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमचं अधिकृत स्टँडर्ड झालं.

दुसरी पायरी वर्णनाची. उपकरण काय मोजतं, कसं मोजतं, कच्च्या रीडिंगवर कुठली समीकरणं लावली, कॅलिब्रेशन कधी झालं, हे कॉम्प्युटरला वाचता येईल अशा पद्धतीने लिहायचं. यासाठी सेन्सर-एमएल नावाची एक्सएमएलवर आधारलेली भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. एक्सबीटीच्या काळात ही असती तर 'कुठलं समीकरण' हा प्रश्नच आला नसता.

तिसरी पायरी नावांची. मुंबईची सुरमई मालवण-गोव्याकडे गेली की इसवण होते. मासा तोच. तसंच एका फाइलमध्ये 'टेम्प', दुसऱ्यात 'टी', तिसऱ्यात 'एसएसटी'. माणसाला कळतं, कॉम्प्युटरला नाही. म्हणून नेटसीडीएफ नावाच्या फाइल फॉर्मॅटबरोबर 'सीएफ' नावाचे संकेत वापरतात. त्यात प्रत्येक राशीचं ठरलेलं एकच नाव, त्याची नेमकी व्याख्या आणि त्याबरोबर एकक. कॉलमला तुम्ही काहीही नाव द्या, पण शेजारी ते ठरलेलं नाव लिहा. शिवाय ब्रिटनमध्ये अशा शब्दांचा एक मोठा कोश ऑनलाइन ठेवलाय, त्यात या संस्थेचा हा शब्द म्हणजे त्या संस्थेचा तो शब्द अशा जोड्याही लावलेल्या आहेत. सुरमई बरोबर इसवण!

चौथी पायरी विश्वासाची. प्रत्येक आकड्यापुढे एक गुणवत्तेचा शेरा असतो. आर्गोमध्ये १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. आणि ०? आर्गोत ० म्हणजे अजून तपासलेला नाही. पण वर्ल्ड ओशन डेटाबेस या जगातल्या सर्वात मोठ्या संग्रहात ० म्हणजे मान्य! अमेरिकेच्या आणखी एका पद्धतीत २ म्हणजे तपासलेला नाही, तर आर्गोत २ म्हणजे बहुतेक चांगला. म्हणजे शेरे जुळवताना कुठल्या शाळेचं प्रगतिपुस्तक आहे ते आधी बघायचं, मग पास-नापास ठरवायचं.

या सगळ्या खटाटोपाचा फायदा काय ते आर्गोनेच दाखवलं. काही फ्लोट्स काही काळानंतर क्षारता हळूहळू जास्त दाखवू लागले होते. प्रत्येक सेन्सरचा सिरियल नंबर डेटाबरोबर नोंदलेला असल्यामुळे ही भानगड ठरावीक काळात बनलेल्या सेन्सर्समध्ये जास्त आहे हे शोधता आलं. नोंद नसती तर समुद्र खारट होतोय असा आणखी एक पेपर आला असता, कोण जाणे!

जिथे मिनिटं मोजावी लागतात

हवामानबदलाच्या हिशोबात चूक झाली तर ती दुरुस्त करायला निदान वर्ष-दोन वर्षं मिळतात. त्सुनामीत तेवढा वेळ नसतो. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला, आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावर लाटा पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. त्या वेळी हिंदी महासागरात त्सुनामी ओळखणारा एकही बोया नव्हता. जेसन-१ हा उपग्रह भूकंपानंतर दोन तासांनी योगायोगाने वरून गेला आणि त्याने खुल्या समुद्रात साधारण ६० सेंटिमीटरची लाट टिपलीही. पण तो डेटा जमिनीवर येऊन, प्रोसेस होऊन, माणसांनी बघेपर्यंत कित्येक तास गेले. उपकरण होतं, मोजणी झाली होती, पण ती योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोचवणारी साखळी नव्हती.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये इन्कॉइसमध्ये भारताचं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. त्यासाठी समुद्राच्या तळाशी दाब मोजणारे सेन्सर ठेवलेत. काही किलोमीटर पाण्याच्या वजनाखाली बसून ते पातळीतला एखाद्या सेंटिमीटरचा बदलही ओळखतात. तळाकडून ध्वनिलहरींनी वरच्या बोयाला, बोयाकडून उपग्रहाला, तिथून हैदराबादला अशी साखळी. पण नुसते आपले सेन्सर पुरत नाहीत. शेजारी देशांचे बोये, त्यांच्या बंदरांमधली भरतीमापक यंत्रं, जगभरची भूकंपमापकं, सगळं एकाच स्क्रीनवर हवं. त्सुनामी खोल समुद्रात ताशी ७००-८०० किलोमीटर वेगाने धावते. इंडोनेशियाच्या पश्चिम भागाची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. कोणाच्या डेटात स्थानिक वेळ घुसली तर लाट हजार किलोमीटर भलतीकडेच दिसेल! म्हणून सगळ्यांनी एकच जागतिक वेळ, एकच संदेशाची पद्धत पाळायची.

११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. लोक घाबरले, २००४ आठवलं. पण या वेळी तळावरचे सेन्सर आणि भरतीमापक यंत्रं बोलत होती. लाटा किरकोळ आहेत हे त्यांनी दाखवलं आणि त्याच दिवशी इशारे मागे घेता आले. खोट्या इशाऱ्याने लाखो लोक पळाले की पुढच्या खऱ्या इशाऱ्याला ते हलत नाहीत, म्हणून 'काही धोका नाही' हे खात्रीने सांगता येणं हेही तितकंच महत्त्वाचं.

अजून काय अडतंय?

पहिली गोष्ट, स्टँडर्ड्सच खूप झालेत. प्रत्येक प्रकल्प म्हणतो आमचं वापरा. दुसरी, समुद्रातलं उपकरण घरी आणून अपडेट करता येत नाही. वीस वर्षांपूर्वीचा डेटा आहे तसाच सांभाळावा लागतो. तिसरी गोष्ट देशांच्या सीमांची. फ्लोटला सीमा कळत नाही, तो प्रवाहाबरोबर कोणाच्याही हद्दीत जातो. म्हणून १९९९ मध्येच युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने ठराव केला की फ्लोट एखाद्या देशाच्या हद्दीत जाण्याची शक्यता असेल तर त्या देशाला आधी कळवायचं. आर्गोचा डेटा सगळ्यांना मोफत मिळतो. सगळ्याच सागरी डेटाचं तसं नाही. आणि चौथी म्हणजे मानवी स्वभाव. नवीन सेन्सर बनवला की पेपर निघतो, कौतुक होतं. नोंदी नीट ठेवल्या म्हणून कोणाला बक्षीस मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही!

आपण इंजिनिअरिंगवाले आहोत. दरवर्षी आपल्या कॉलेजात डझनभर सेन्सरचे प्रोजेक्ट होतात. कोणी तळ्याच्या पाण्याचा पीएच मोजतं, कोणी गच्चीवर हवामान केंद्र लावतं. जूनमध्ये सबमिशन झालं की डेटा सीडीवर नाहीतर पेन ड्राइव्हवर पडून राहतो, आणि पुढची बॅच परत शून्यापासून सुरू करते. त्याऐवजी फाइलच्या वर फक्त सहा ओळी लिहा. काय मोजलं, कुठल्या एककात, कुठल्या जागी आणि किती उंचीवर किंवा खोलीवर, कुठल्या वेळेप्रमाणे, कुठल्या सिरियल नंबरच्या सेन्सरने, आणि त्याचं कॅलिब्रेशन कधी केलं. लिहायला पाच मिनिटं लागतात. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी वेगळा सेन्सर त्याच तळ्यात बुडवला, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून तळं खरंच बदललं की फक्त थर्मामीटर बदलला, हे त्याला सांगता येईल.